एकाच राउटरवरच्या व्हीआरएफमध्ये रूटची देवाणघेवाण (रूट लीकिंग): कशी करावी, आणि मुळात करावी का?

घोळकर | सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, दोन दिवस डोकं खाजवून झालं, म्हणून शेवटी धागा काढतोय.

सिस्कोच्या आयओएस-एक्सई प्रणालीवर चालणारा एक राउटर आहे. त्यावर चार व्हीआरएफ (एकाच राउटरमधली वेगवेगळी रूटिंग टेबलं, म्हणजे कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं त्याच्या याद्या): ऑफिस, कॅमेरे, पाहुणे आणि सेवा. 'सेवा'मध्ये १०.९.९.०/२४ (रेघेनंतरचा आकडा जितका मोठा तितकं नेटवर्क लहान), तिथे डीएनएस (नावावरून पत्ता), एनटीपी (घड्याळ) आणि प्रिंट सर्व्हर बसलेत. ऑफिसच्या बाजूला राउटरला थेट लागून १०.१.१.०/२४ आहे. त्यावर एक एल-थ्री स्विच (रूटिंगही करणारा, १०.१.१.२), आणि स्विचच्या मागे तीन मजले: १०.१.१०.०/२४, १०.१.२०.०/२४, १०.१.३०.०/२४. राउटर आणि स्विच आपसात ओएसपीएफ बोलतात, म्हणजे त्या प्रोटोकॉलने एकमेकांना रूट सांगतात. स्विचला डिफॉल्ट रूट (दुसरा कुठलाच लागू नसेल तेव्हाचा) राउटरकडूनच मिळतो.

हवंय ते एवढंच: ऑफिस आणि कॅमेरे या दोघांना 'सेवा' दिसाव्यात, पण ते दोघे एकमेकांना दिसू नयेत. पाहुण्यांना यातलं काहीच नको.

मी ऑफिसच्या टेबलात १०.९.९.० साठी स्टॅटिक (हाताने लिहिलेला रूट) टाकला, बाहेर पडायला 'सेवा'चा इंटरफेस दाखवून. सर्व्हरवर कॅप्चर लावलं तर पिंग पोचलेलं दिसतं. सर्व्हर उत्तरही देतो. आणि ते उत्तर राउटरपाशी येऊन गडप होतं.

प्रश्न दोन. सरळ मार्ग कोणता: स्टॅटिक, बीजीपी (रूट वाटण्याचा दुसरा प्रोटोकॉल), की आणखी काही? आणि दुसरा: आधी वेगळं करायचं आणि मग खिंडार पाडायचं, यात मीच काही मूर्खपणा करतोय का?

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ९:१८

परतीचा रूट टाकलाय का? 'सेवा'च्या टेबलात ऑफिसचा काही पत्ता आहे का?

---

घोळकर | सोमवार, रात्री ९:२१

...नाही. :(

---

भोचक | सोमवार, रात्री ९:२३

आठ मिनिटांत निदान. धागा बंद करायला हरकत नाही, दिवे घ्या.

---

नवशिक्या | सोमवार, रात्री ९:४०

बंद नका करू, मला यातलं निम्मंच कळलंय. राउटर एकच आहे ना? मग ऑफिस कुठे आहे ते त्याला माहीतच असणार. परतीचं वेगळं सांगावं का लागतं?

---

आडवाट | सोमवार, रात्री १०:०५

@नवशिक्या, एका वाड्यात चार बिऱ्हाडं आहेत असं धर. मालक एक, पण प्रत्येक बिऱ्हाडाची वही वेगळी. पॅकेट ज्या दारातून आत आलं त्या दाराची वही उघडायची, बाकीच्या तीन वह्यांकडे बघायचंही नाही. व्हीआरएफ म्हणजे एवढंच. इंटरफेस कुठल्या व्हीआरएफमध्ये आहे त्यावरून टेबल ठरतं आणि शोध त्या टेबलातच होतो.

घोळकरांचं पिंग ऑफिसच्या दारातून आलं. ऑफिसच्या वहीत 'सेवा'ची नोंद सापडली, गेलं. उत्तर मात्र 'सेवा'च्या दारातून आत आलं, तिथली वही उघडली, तर तीत १०.१.काहीतरी नाहीच. डिफॉल्टही नसेल तर पॅकेट तिथेच संपलं. राउटरच्या पोटात ती माहिती आहे, पण शेजारच्या वहीत.

म्हणून हे काम नेहमी दोन्हीकडून करावं लागतं. पहिल्या वेळेस अर्धंच करून बसतात सगळे. मीही बसलो होतो.

---

महाजाल_जुना | सोमवार, रात्री १०:३०

शीर्षक वाचून वाटलं रूट लीकवर चर्चा असेल, म्हणजे एएस ७००७ वगैरे (एएस म्हणजे एका संस्थेच्या ताब्यातलं, स्वतःचा क्रमांक असलेलं नेटवर्क). २५ एप्रिल १९९७ ला त्या एका एएसमधून जगभरच्या रूटचे /२४ तुकडे स्वतःच्या नावावर बाहेर पडले आणि इंटरनेटचा मोठा भाग त्याच्याकडे धावत सुटला. पॅकेट येताहेत, पुढे जायला वाट नाही. लीक म्हटलं की आमच्या पिढीला तेच आठवतं.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री १०:३८

शब्द तोच, गोष्ट वेगळी. तुम्ही म्हणताय ते दोन संस्थांमधलं: एकाकडून शिकलेला रूट जिथे सांगायला नको तिथे सांगितला. त्याची वर्गवारी आरएफसी ७९०८ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तंत्राचे क्रमांकित दस्तऐवज) आहे (२०१६), आणि ते रोखायला बीजीपीच्या शेजाऱ्यांनी आपापली भूमिका आधीच ठरवून घ्यायची सोय आरएफसी ९२३४ ने केली (२०२२). इथलं लीकिंग एकाच डब्यातलं आणि जाणूनबुजून केलेलं. अर्थात जाणूनबुजून केलेलं कधी अपघात होईल ते सांगता येत नाही.

---

शब्दवेडी | सोमवार, रात्री १०:५५

अवांतर: मग त्याला 'गळती' का म्हणायचं? गळती म्हणजे दोष, छप्पर गळतं तशी. हे तर ठरवून दिलेलं आहे. 'उसनवारी' कसं वाटतं?

---

बिनचूक | सोमवार, रात्री ११:०२

उसनं परत करावं लागतं. इथे मूळ रूट मालकाकडेच राहतो आणि दुसऱ्या टेबलात त्याची प्रत जाते. मूळ गेला की प्रतही जाते. 'सावली' म्हणा.

---

शब्दवेडी | सोमवार, रात्री ११:०४

सावली! मंजूर.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:२०

शब्द छान आहे आणि घोळकरांच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. बीजीपीच्या इम्पोर्टने आलेला रूट सावलीसारखा असतो: मूळ हललं की हलतो. स्टॅटिक म्हणजे सावली नव्हे, भिंतीवर काढलेलं चित्र. माणूस निघून गेला तरी चित्र तिथेच. इंटरफेसच पडला तर स्टॅटिक टेबलातून जातो हे खरं. पण स्विचच्या मागचा एखादा मजला मेला आणि स्विच जिवंत असला, तर स्टॅटिक बिनधास्त उभा राहतो आणि पॅकेट खड्ड्यात टाकत राहतो.

दोन-चार नेटवर्कं असतील आणि ती सहसा बदलत नसतील तर स्टॅटिक पुरतो. घोळकर, आज रात्रीपुरतं करायचं असेल तर 'सेवा'च्या टेबलात १०.१.०.०/१६ टाका. पण नुसता ऑफिसचा इंटरफेस दाखवू नका, पुढचा हॉप (ज्या डब्याकडे सोपवायचं त्याचा पत्ता) १०.१.१.२ सांगा. नुसता इंटरफेस दिलात तर राउटर १०.१.२०.५० साठी थेट त्या वायरवर एआरपी ('हा पत्ता कोणाचा?') ओरडत बसेल, आणि स्विचवर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्याच्या वतीने उत्तर देणं) चालू असेल तर चालल्यासारखं वाटेल. तसं नुसतं वाटणं फार वाईट. (१०.१.१.० जोडलेलंच आहे, त्यासाठी मात्र इंटरफेस पुरे.)

---

वायरीचा_गुंता | मंगळवार, सकाळी ८:१५

इतकं कशाला? दोन पोर्ट मोकळे असतील तर एक ऑफिसमध्ये टाका, एक 'सेवा'मध्ये, आणि दोघांच्या मध्ये एक वायर लावा. दोन व्हीआरएफ म्हणजे दोन राउटर, मग त्यांना दोन राउटरांसारखं जोडा. ओएसपीएफ चालवा, एसीएल (काय जाऊ द्यायचं त्याची यादी) लावा, काउंटर बघा. सगळं डोळ्यांना दिसतं.

---

भोचक | मंगळवार, सकाळी ८:३१

राउटरला स्वतःच्याच तोंडात शेपूट दिलीत की.

---

पिंगबाई | मंगळवार, सकाळी ९:०२

हसू नका, हे बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं चालतं. आमच्याकडेही होतं. एकदा रॅक आवरायला नवीन मुलगा आला. त्याने पाहिलं, वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात, म्हणजे कोणीतरी विसरलेली. काढली, नीट गुंडाळली, वेल्क्रोचा पट्टा बांधला आणि खणात ठेवली. चाळीस मिनिटं आम्ही बीजीपीत चूक शोधत होतो. मुलाची काही चूक नव्हती, वायरीला लेबलच नव्हतं.

दुसरी गोष्ट: हे स्विचवर व्हीलॅन (स्विचवरचं आभासी नेटवर्क) इंटरफेस वापरून करणार असाल तर आधी मॅक पत्ते (हार्डवेअरचे पत्ते) बघा. काही स्विचांवर सगळ्या व्हीलॅन इंटरफेसचा मॅक एकच असतो. मग दोन्ही टोकांना स्वतःचाच मॅक समोर दिसतो आणि एआरपीचं पुढे काही होत नाही.

---

जुन्या_वळणाचा | मंगळवार, सकाळी ९:४०

वायरीचा_गुंता यांची वायर ज्युनिपरमध्ये सॉफ्टवेअरची मिळते. लॉजिकल टनेल इंटरफेस. एकाच इंटरफेसची दोन युनिटं, एकमेकांची जोडीदार, एक या रूटिंग-इन्स्टन्समध्ये (ज्युनिपरच्या भाषेतलं व्हीआरएफसारखंच) आणि एक त्या. कोणी गुंडाळून खणात ठेवू शकत नाही.

पण रूटच द्यायचे-घ्यायचे असतील तर आमच्याकडे रिब-ग्रुप (रिब म्हणजे रूटचं टेबल). त्यात इम्पोर्ट-रिबची यादी असते आणि यादीतलं पहिलं नाव रूटच्या स्वतःच्या टेबलाचं असावं लागतं, पुढची नावं सावलीची. लोक दोन ठिकाणी अडखळतात. एक, हा क्रम. दोन, ओएसपीएफचे रूट गेले तरी थेट जोडलेल्या नेटवर्कांचे जात नाहीत, कारण त्यांना इंटरफेस-रूट्सखाली रिब-ग्रुप वेगळा लावावा लागतो. मग पुढचा हॉप ज्या नेटवर्कात आहे तेच दुसऱ्या टेबलात नसतं आणि माणूस बसतो कपाळाला हात लावून.

नवीन काम असेल तर मी इन्स्टन्स-इम्पोर्ट वापरतो. पॉलिसीत 'अमुक इन्स्टन्सकडून, अमुक प्रीफिक्स' लिहायचं आणि मोकळं व्हायचं. सहा महिन्यांनी वाचलं तरी कळतं. रिब-ग्रुपचं तसं नाही.

नेक्स्ट-टेबल नावाचा स्टॅटिकही असतो, 'पुढचा शोध त्या टेबलात घे' असं सांगणारा. एका दिशेला उत्तम. दोन्ही टेबलांतून एकमेकांकडे बोट दाखवायला गेलात तर लूप होईल म्हणून कमिटच होत नाही, म्हणजे बदल लागूच होत नाही. बिचारा शहाणा आहे.

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी १०:१५

आता आयओएस-एक्सईतलं बीजीपीचं लिहिते. एमपीएलएस (मोठ्या नेटवर्कांत पॅकेटला लेबल लावून नेण्याचं तंत्र) लागत नाही, शेजारी राउटरही लागत नाही. बीजीपीची एक प्रक्रिया सुरू करायची, एएस खासगी (६४५१२ ते ६५५३४ मधला कुठलाही), आणि प्रत्येक व्हीआरएफच्या ॲड्रेस-फॅमिलीत (बीजीपीतला त्या व्हीआरएफचा भाग) जे वाटायचं ते रीडिस्ट्रिब्यूट करायचं, म्हणजे बीजीपीत आणून टाकायचं. एकही शेजारी नसलेली बीजीपी आधी विचित्र वाटते. इथे ती पोस्टमन नाही, नुसतं टपाल वेगळं करायचं टेबल आहे.

आरडी (रूट डिस्टिंग्विशर) आणि आरटी (रूट टार्गेट) यांत गोंधळ करू नका, निम्मे धागे त्यावरच निघतात. आरडी म्हणजे नाव: आठ बाइट, चार बाइटच्या आयपी पत्त्याच्या आधी लागतात आणि बारा बाइटचा वेगळा पत्ता तयार होतो. दोन व्हीआरएफमध्ये १०.१.१.० असलं तरी बीजीपीला ते दोन वेगळे दिसावेत एवढंच त्याचं काम. कोणाला काय मिळणार याच्याशी आरडीचा काही संबंध नाही. ते ठरवतो आरटी. तो रूटवर मारलेला शिक्का असतो. एक्सपोर्ट म्हणजे शिक्का मारणे, इम्पोर्ट म्हणजे 'या शिक्क्याचे मला द्या'.

तुमच्यासाठी:

'सेवा': एक्सपोर्ट ६५०००:९००, इम्पोर्ट ६५०००:९०१.
ऑफिस: एक्सपोर्ट ६५०००:९०१, इम्पोर्ट ६५०००:९००.
कॅमेरे: ऑफिससारखंच.
पाहुणे: यातलं काहीच नाही.

ऑफिस आणि कॅमेरे दोघांच्याही रूटवर ९०१ चा शिक्का आहे, पण दोघांपैकी कोणीच ९०१ मागत नाही. म्हणून ते एकमेकांना दिसत नाहीत. हे सगळं आरएफसी ४३६४ मधलंच (२००६), त्याआधी १९९९ चा २५४७ होता. मोठ्या नेटवर्कांसाठी लिहिलेलं, एका डब्यातही चालतं.

---

नवशिक्या | मंगळवार, सकाळी १०:५०

ताई, एक शंका. ऑफिसचे रूट 'सेवा'त आले. 'सेवा' आपले रूट ९०० शिक्का मारून देते. मग त्याबरोबर ऑफिसचे रूटही कॅमेऱ्यांकडे जाणार नाहीत का?

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ११:०५

चांगली शंका. नाही जात. इम्पोर्ट होऊन आलेला रूट पुन्हा एक्सपोर्ट होत नाही. सावलीची सावली पडत नाही. लोकांना कधीकधी हेच खुपतं: 'अ'कडून 'ब'कडे दिलं, 'ब'कडून 'क'कडे दिलं, पण 'क'ला 'अ' दिसत नाही. 'क'ने सरळ 'अ'चाच शिक्का मागायचा.

---

कुलूपकिल्ली | मंगळवार, दुपारी १२:२०

सगळे 'कसं' सांगताय, दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघतच नाही. व्हीआरएफ वेगळे कशासाठी केले होते? कॅमेऱ्यांवर विश्वास नाही म्हणून, बरोबर? मग रूट एकमेकांत दिले की मधला फायरवॉल संपला. पॅकेट राउटरच्या आतल्या आत एका टेबलातून दुसऱ्यात जातं, कुठे तपासणी नाही, कुठे लॉग नाही.

आणि दोन्हीकडून रूट द्यावेच लागतात हे तुम्हीच वर सिद्ध केलंत. रूटला दिशा कळत नाही. कॅमेऱ्याने एनटीपीला वेळ विचारावी म्हणून तुम्ही परतीची वाट दिलीत, त्याच वाटेने प्रिंट सर्व्हर कॅमेऱ्यांच्या आणि ऑफिसच्या कुठल्याही मशीनशी स्वतःहून बोलू शकतो. उद्या प्रिंट सर्व्हर कोणाच्या हाती लागला तर त्याला दोन्ही घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 'ऑफिस आणि कॅमेरे एकमेकांना दिसत नाहीत' हे टेबलापुरतं खरं.

माझं मत: प्रत्येक व्हीआरएफचा डिफॉल्ट फायरवॉलकडे, आणि व्हीआरएफ ओलांडायचा तर फायरवॉलमधूनच.

---

आडवाट | मंगळवार, दुपारी १२:४५

तत्त्वतः सहमत. पण डीएनएसचा प्रत्येक प्रश्न फायरवॉलपर्यंत नेऊन आणायचा? आणि फायरवॉल बंद पडला की नाव शोधणंही बंद? घड्याळ मिळवायला तपासणी नाका कशाला?

---

कुलूपकिल्ली | मंगळवार, दुपारी १२:५८

घड्याळाच्याच नावाने दार उघडतं आणि मग उघडंच राहतं. दोन वर्षांनी बघा त्या इम्पोर्ट-मॅपमध्ये (काय आत घ्यायचं त्या यादीत) किती ओळी झाल्यात ते. प्रत्येक ओळीला कोणीतरी 'तात्पुरतं' म्हणून होकार दिलेला असतो.

---

पिंगबाई | मंगळवार, दुपारी १:१०

हे मात्र खरं. आमच्या इथे एका व्हीआरएफचं नाव 'एकांत' होतं आणि त्याची इम्पोर्ट यादी सगळ्यात लांब होती.

---

पेंग्विनपाळ | मंगळवार, दुपारी २:३०

लिनक्सवाले कोणी आहेत का? कर्नल ४.३ पासून (२०१५) व्हीआरएफ हे एक डिव्हाइसच आहे. इंटरफेस त्याच्या ताब्यात द्यायचे, त्याला टेबलाचा क्रमांक द्यायचा. लीक करायला एका टेबलात रूट टाकताना बाहेर पडायचं डिव्हाइस म्हणून दुसऱ्या व्हीआरएफचंच नाव द्यायचं, पुढचा शोध त्याच्या टेबलात होतो. एफआरआर (लिनक्सवरचं रूटिंग सॉफ्टवेअर) चालवत असाल तर बीजीपीखाली 'इम्पोर्ट व्हीआरएफ' अशी एक ओळ पुरते, आरडी-आरटी ते पडद्यामागे स्वतः लावतं.

एक ठेच सांगून ठेवतो. त्याच मशीनवर चालणारा एसएसएच (दुरून लॉगिन करायची सेवा) डिफॉल्ट टेबलात ऐकत होता आणि विनंती व्हीआरएफमधून येत होती. रूट दोन्हीकडे बरोबर, पिंग चालू, एसएसएच मात्र 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. टीसीपी-एलथ्रीएमडेव्ह-ॲक्सेप्ट नावाची सिस्कटल (कर्नलची सेटिंग) शून्यावर होती, ती एक केली की झालं. रूटिंगच्या नावाने दोन तास बोटं मोडली, आणि दोष होता सॉकेटचा.

---

बिनचूक | मंगळवार, दुपारी ३:०५

एक राहिलं. दोन्ही व्हीआरएफमध्ये एकच पत्ते असतील तर यातलं काहीही चालणार नाही. दोघांकडे १९२.१६८.१.०/२४ असेल तर आरडीमुळे बीजीपीला ते वेगळे दिसतील, पण टेबलात शेवटी उतरतं ते उघडं प्रीफिक्स, आणि थेट जोडलेला रूट जिंकतो. तिथे नॅटशिवाय (वाटेत पत्ते बदलण्याशिवाय) इलाज नाही. घोळकरांचे पत्ते वेगळे आहेत, नशीब.

---

घोळकर | मंगळवार, रात्री ८:४०

सर्वांना धन्स. काल रात्री स्टॅटिक करून काम चालवलं. आज स्टॅटिक काढून रात्रपाळी यांच्या पद्धतीने बीजीपी केलं. ऑफिसच्या टेबलात 'बी'ने (म्हणजे बीजीपीने) सुरू होणारी १०.९.९.० ची ओळ आली आणि पुढे कंसात 'सेवा'चं नाव. ती ओळ बघून जे बरं वाटलं ते काय सांगू.

पण. राउटरवरून पिंग जातं. पहिला मजला चालतो, तिसरा मजला चालतो, कॅमेरे चालतात. दुसरा मजला, म्हणजे १०.१.२०.०, बंद. कालच्या /१६ स्टॅटिकवर तोच मजला व्यवस्थित होता!

---

भोचक | मंगळवार, रात्री ८:४४

दुसऱ्या मजल्याने काय पाप केलं?

---

आडवाट | मंगळवार, रात्री ८:५२

आधी एक: राउटरवरून पिंग मारताना सोर्स कुठला होता? न सांगता मारलंत तर राउटर स्वतःच्या इंटरफेसचा पत्ता लावतो, तो जोडलेला असतो आणि चालतोच. त्यावरून मजल्यांबद्दल काही सिद्ध होत नाही.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ८:५५

'सेवा'च्या टेबलात १०.१.२०.० आहे का बघा. मग ऑफिसच्या टेबलात त्याच ओळीच्या सुरुवातीला काय आहे ते इथे लिहा. नुसतं 'ओ' (ओएसपीएफचा आतला रूट) आहे की 'ओ ई२' (बाहेरून ओएसपीएफमध्ये आणलेला)?

---

घोळकर | मंगळवार, रात्री ९:०३

'सेवा'त नाही. ऑफिसमध्ये... ओ ई२! बाकी दोन नुसते 'ओ'.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९:०९

सापडलं. ओएसपीएफमधून बीजीपीत रीडिस्ट्रिब्यूट करताना आयओएस काही न सांगता फक्त आतले रूट घेतं, बाहेरून आलेले सोडून देतं. मॅचमध्ये इंटरनलबरोबर एक्स्टर्नल १ आणि २ हेही लिहा. तुमचा दुसरा मजला स्विचवर ओएसपीएफमध्ये थेट घेतलेला नसणार, कोणीतरी 'रीडिस्ट्रिब्यूट कनेक्टेड' करून ढकललाय.

---

घोळकर | मंगळवार, रात्री ९:१६

चाललं!! स्विचवर तसंच आहे. दुसरा मजला नंतर जोडलेला, माझ्या आधीच्या माणसाने. स्टॅटिक असताना /१६ मध्ये सगळंच झाकलं जात होतं म्हणून कळलं नाही.

---

जुन्या_वळणाचा | मंगळवार, रात्री ९:३०

ओएसपीएफचं निघालंच आहे तर याचा उलटा भाऊही सांगतो. बीजीपीतून ओएसपीएफमध्ये 'सेवा'चे रूट खाली पाठवायला गेलात आणि स्विचवरही ओएसपीएफ एखाद्या व्हीआरएफमध्ये चालू असेल, तर रूट स्विचच्या ओएसपीएफ डेटाबेसमध्ये दिसेल पण टेबलात उतरणार नाही. कारण डीएन बिट, म्हणजे रूटवरची एक खूण. मोठ्या व्हीपीएनमध्ये लूप होऊ नये म्हणून तो लावतात (आरएफसी ४५७६), आणि व्हीआरएफमध्ये ओएसपीएफ चालवणारा डबा स्वतःला प्रोव्हायडरचा राउटर समजून असा रूट नाकारतो. सिस्कोवर 'कॅपॅबिलिटी व्हीआरएफ-लाइट' लिहिलं की तपासणी थांबते. तुमच्याकडे स्विच डिफॉल्टवर चालतो, म्हणून आज वाचलात.

---

नवशिक्या | मंगळवार, रात्री ९:३४

वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

कुलूपकिल्ली | मंगळवार, रात्री १०:००

अभिनंदन. आता माझ्या प्रश्नाचं उत्तर? सगळा १०.१.०.० 'सेवा'ला दिसतोय.

---

घोळकर | मंगळवार, रात्री १०:२५

तुमचा प्रतिसाद दुपारपासून डोक्यात आहे. फायरवॉलमधून सगळं फिरवणं सध्या जमणार नाही, पोर्टच नाहीत. पण हे केलं: ऑफिसचे तीन मजले एक्सपोर्ट होतात, बाकी काही नाही, एक्सपोर्ट-मॅप लावला. कॅमेऱ्यांकडून फक्त रेकॉर्डर आणि कॅमेऱ्यांचा /२६. आणि 'सेवा'च्या इंटरफेसवर आत येणाऱ्या दिशेला एसीएल: सर्व्हरांकडून डीएनएस, एनटीपी आणि प्रिंटची उत्तरं तेवढी आत येतील, स्वतःहून सुरू केलेलं काही नाही. कनेक्शनची आठवण ठेवणारा फायरवॉल नव्हे हा, ठाऊक आहे. सोर्स पोर्ट ५३ लावून कोणी काहीही पाठवू शकतो.

---

कुलूपकिल्ली | मंगळवार, रात्री १०:३१

ठाऊक आहे ना, मग ठीक. त्या मॅपच्या वर्णनात आजची तारीख आणि कारण लिहा.

---

घोळकर | मंगळवार, रात्री १०:३३

लिहिलं. 'तात्पुरतं' हा शब्द टाळला.

---

महाजाल_जुना | बुधवार, सकाळी ७:५०

एक शेवटचं. पुढे कधी ग्लोबल टेबलातून (कुठल्याच व्हीआरएफचं नसलेलं मूळ टेबल) व्हीआरएफमध्ये इम्पोर्ट-मॅपने रूट आणायची वेळ आली तर लक्षात ठेवा, सिस्कोवर तिथे मर्यादा असते, आपण आकडा दिला नाही तर १००० प्रीफिक्स. आम्ही ९०० च्या आसपास सुखात होतो. मग एकाने समराइझ केलेला (अनेकांचा मिळून एक केलेला) रूट 'नीटनेटकं करू' म्हणून तोडून सुटा केला.

---

वायरीचा_गुंता | बुधवार, सकाळी ८:२०

वायरीला मर्यादा नसते.

---

पिंगबाई | बुधवार, सकाळी ८:२२

लेबल लावा.